बदली की कायम?

लालबागमधील एका चाळीत, जिथे एकाच खोलीत तीन पिढ्यांचा संसार आजही नेटाने चालला आहे, तेथून गेल्या रविवारी मला बोलावणे आले. कारण घरातील नातवापुढे परदेशी जाण्याचे तीन मार्ग एकदम उभे राहिले होते आणि त्यांतला कोणता धरावा याविषयी घरात एकमत होत नव्हते. मुलगा 28 वर्षांचा, यंत्रशास्त्राचा पदवीधर, पाच वर्षे नोकरी केलेला. पहिला मार्ग आखातातील एका कंपनीचा: दोन वर्षांचा करारनामा, महिनाभरात रवानगी आणि मध्यस्थाने दिलेली बुधवारपर्यंतची मुदत. दुसरा जर्मनीचा, म्हणजे आधी भाषा शिकणे आले. तिसरा कॅनडाचा, त्यात गुणांची बेरीज आणि वाट पाहणे. हाती आलेले सोडू नये, असे वडिलांचे म्हणणे. खाटेवर बसलेल्या आजोबांनी, ज्यांची उमेदीची वर्षे 1982 च्या गिरणी संपापर्यंत मागावर गेली, सगळे निमूटपणे ऐकून घेतले आणि मला एवढेच विचारले, "साहेब, तिथं आमचा पोरगा बदलीत लागणार, की कायम?"

परदेशगमनाच्या कायदेकानूंविषयी मी इतकी वर्षे लिहीत आलो, पण या विषयाचे मर्म इतक्या नेमक्या शब्दांत मला कधी मांडता आले नव्हते. ज्यांनी परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे ऐकले नाहीत, त्यांच्यासाठी खुलासा करतो. बदली कामगार पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राही. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी मागावर जाई, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परते. माग तोच, सूत तेच, हातांतील कसबही तेच. परंतु आज आत जायचे की नाही हे ठरविण्याची मुखत्यारी दुसऱ्याकडे असे, आणि ती वापरणारा जॉबर, म्हणजे मुकादम, त्याबद्दल दस्तुरी घेई. आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून आपले बदलीचे कार्ड काढून दाखविले. कडा झिजलेल्या, घडीवर कागद विरलेला, आणि रकान्यांतले काही शिक्के इतके फिकट की बोट फिरवूनच त्यांची जागा कळावी. असे नऊ वर्षे चालले.

कामाच्या परवान्याचे जगातील बहुतेक सर्व प्रकार 'बदली की कायम' या एका कसोटीवर घासून पाहता येतात. अमेरिकेच्या एच-वन-बी परवान्याची मोहिनी आपल्या दादर-गिरगावच्या मध्यमवर्गावर एका पिढीहून अधिक काळ आहे. पण त्याचा अर्ज उमेदवार करीत नाही, मालक करतो. वर्षाला 65,000 आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी 20,000 इतकीच मर्यादा असल्याने अर्जदारांतून सोडत काढली जाते. परवाना तीन वर्षांचा, सामान्यतः सहा वर्षांपर्यंत वाढणारा. आणि नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधण्यासाठी जास्तीत जास्त 60 दिवस. कायम वास्तव्याच्या हिरव्या कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक सहसा येत नसल्यामुळे भारतीयांची रांग दशकाच्या पलीकडे गेली आहे. त्यात सप्टेंबर 2025 च्या फर्मानाने देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरांचा आकार बसविला. उत्तम पगाराची, प्रतिष्ठेची, पण ही बदलीच. ब्रिटनचा कुशल कामगारांचा परवानाही मालकाच्या प्रायोजकपत्रावरच उभा असतो.

हा भेद आजचा नाही. 1834 नंतर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले आपले मराठी मजूर गिरमिटाने मळेवाल्याशी बांधले गेले होते. पुढे 1962 मध्ये ब्रिटनने राष्ट्रकुलातील नागरिकांवर निर्बंध घातले, तेव्हा दिलेल्या व्हाउचरांत हाच फरक होता: 'अ' वर्गाचे व्हाउचर ठरलेल्या मालकाच्या नोकरीसाठी, तर 'ब' वर्गाचे डॉक्टर, शिक्षक, परिचारिका अशांना केवळ त्यांच्या विद्येच्या आधारावर. 'ब' वर्गाचा डॉक्टर लंडनला उतरला की कोणत्याही रुग्णालयाचे दार ठोठावू शके. आपल्या विद्येवर उतरणे आणि दुसऱ्याच्या कृपेवर उतरणे यांत मनुष्याच्या ताठ मानेचा प्रश्न असतो, असे मला मनापासून वाटते.

आखातात मालकाच्या जामिनकीची पद्धत पुष्कळ सैल होत आहे. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीपत्राची अट काढून टाकली. तरीही मालक गेला की परवाना जातो, हे मूळ सूत्र तेथे टिकून आहे. घरावर कर्ज असेल, बहिणीचे लग्न तोंडावर असेल, तर हा मार्ग धरणाऱ्याला मी कधीही दोष देणार नाही. लालबाग-परळ वसले तेच बदलीच्या मजुरीवर. फक्त करारनाम्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी, पारपत्र कोणाच्या कपाटात जाऊ देऊ नये, आणि मध्यस्थ नोंदणीकृत आहे का ते पाहावे. त्याने घ्यावयाच्या मोबदल्यावर सरकारने 30,000 रुपये व त्यावरील वस्तू-सेवा कर इतकी कमाल मर्यादा घातली आहे. या घराकडे मागितलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट होती. जॉबरची दस्तुरी गिरण्यांबरोबर संपली, या समजुतीत आपण राहू नये.

कॅनडाचा मार्ग निराळा. जानेवारी 2015 पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत अर्ज उमेदवाराच्या स्वतःच्या नावाने होतो आणि मंजुरी मिळाली तर थेट कायम वास्तव्याची मिळते. मात्र वयाचे गुण तिशी लागताच दरवर्षी घटू लागतात, आणि अभियंत्याला स्वतःच्या नावाने व्यवसाय करावयाचा तर प्रांताची सनद वेगळी घ्यावी लागते.

जर्मनीविषयी मात्र मी सविस्तर बोललो. जून 2024 पासून तेथे चान्सेनकार्ट नावाचा परवाना मिळतो, ज्यावर मालकाचे नावच नसते: पदवी ग्राह्य असावी, गुण किमान सहा व्हावेत, थोडी जर्मन किंवा बरीच इंग्रजी यावी, की वर्षभर तेथे राहून नोकरी शोधता येते. निर्वाहाची तजवीज मात्र आधी दाखवावी लागते, दरमहा हजाराहून अधिक युरो, म्हणजे वर्षाचे 12 लाखांहून अधिक रुपये, आणि चाळीतल्या घराला ही रक्कम डोंगराएवढी वाटते हे मी विसरत नाही. योग्य पगाराची नोकरी मिळाली की ब्लू कार्ड नावाचा कामाचा परवाना. पहिल्या वर्षानंतर मालक बदलताना सरकारी दप्तराची आडकाठी नसते; 27 महिन्यांनी कायम वास्तव्याचा हक्क, आणि भाषा बी-वन पातळीपर्यंत आली तर 21 महिन्यांनीच. भाषेच्या दोन पायऱ्यांनी सहा महिने वाचतात, असा व्यवहार अन्यत्र माझ्या पाहण्यात नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी 10,000 कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्या कराराचे सामर्थ्य भाषेच्या वर्गांत आहे, आणि ते वर्ग तालुक्या-तालुक्यात निघावेत असा आग्रह मी या जागेवरून पुन्हा धरतो.

कायमपणही अभेद्य नसते, हे त्या घराला सांगण्याची गरज नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी जे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांत कायमही होते आणि बदलीही. तरी नऊ वर्षे फाटकाशी उभा राहिलेला मनुष्य त्या दोन शब्दांतले अंतर जाणतो.

मी माझे मत दिले: मध्यस्थाला नकार कळवावा, काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकण्यासाठी नाव घालावे, आणि कॅनडाचाही अर्ज तिशीच्या आत रुजू करून ठेवावा. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच मुलाला फोन पुढे केला. आजोबांनी मला थांबवून पुन्हा खात्री करून घेतली, "एकवीस महिने म्हणालात ना?" मी होय म्हटले. कार्डाची घडी जपून घालीत ते नातवाला म्हणाले, "मला नऊ वर्षं लागली. तू भाषा शीक."