बॅडमिंटनची संध्याकाळ कोणासाठी?



मंडळाची रविवारची बॅडमिंटन संध्याकाळ छान चालते. तरी एक खटकलेली गोष्ट लिहितो. विषय अवघड आहे, समजून घ्यावे.

माझा भाचा समलिंगी आहे. (त्याला आणि ताईला विचारूनच लिहितो आहे.) लहानपणी तो वाऱ्यासारखा पळायचा. १९९०च्या दशकात इथल्या शाळेत पी.ई.च्या तासाआधी कपडे बदलायच्या खोलीत मुले त्याला नको ते बोलत. मग तो ताईकडून "पोटात दुखते" अशी चिठ्ठी लिहून घ्यायचा. ताईला वाटे, थंडीचा कंटाळा. शिक्षक ऐकून न ऐकल्यासारखे करत. तेव्हा कलम २८ होते. १९८८ सालच्या या कायद्याने कौन्सिलांना समलैंगिकतेचा "प्रसार" करायला मनाई केली आणि त्या धाकाने शाळांत या विषयावर कोणी तोंड उघडेना. इंग्लंडमध्ये ते कलम २००३ साली रद्द झाले. तोवर भाच्याचे मैदान सुटले ते सुटलेच.

आज त्याने चाळिशी ओलांडली आहे आणि रक्तातली साखर सीमेवर आहे. आपल्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो, म्हणून इथले डॉक्टर वजनाचा धोका गोऱ्यांसाठी बी.एम.आय. २५ पासून, तर आपल्यासाठी २३ पासून धरतात. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चाला, असे त्यालाही सांगितले. सल्ला योग्यच. पण जिममधल्या तसल्याच खोलीत पुन्हा शर्ट काढायचा म्हटले की त्याचे पाऊल अडते. त्यात समलिंगी पुरुषाचे शरीर कमावलेलेच हवे, असा त्यांच्यातही एक दंडक. सुटलेल्या पोटाची लाज वेगळीच!

आळशीपणा म्हणून हे सोडून देऊ नये. फुटबॉलपटू जस्टिन फॅशानूने १९९० साली आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. त्यानंतर ब्रिटनमध्ये खेळत असताना तसे सांगणारा पुढचा व्यावसायिक फुटबॉलपटू, ब्लॅकपूलचा १७ वर्षांचा जेक डॅनिएल्स, २०२२ साली पुढे आला. मध्ये ३२ वर्षे गेली.

लंडनमध्ये समलिंगी खेळाडूंनी स्वतःचे क्लब काढले: १९९१ साली स्टोनवॉल हा फुटबॉलचा, १९९५ साली किंग्ज क्रॉस स्टीलर्स हा रग्बीचा. भाचाही आता अशाच एका गटाबरोबर पळायला जातो, तासभर ट्रेनने. आपला हॉल त्याच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. एकदा आला होता. पहिली सर्व्हिस व्हायच्या आत तीन जणांनी "लग्न कधी?" विचारले. मग कोणीतरी बायकी चालीची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो.

पुढच्या महिन्याच्या स्पर्धेच्या पत्रकात "फक्त पती-पत्नी जोड्या" असे छापले आहे. समितीने तिथे "कोणतेही दोघे" असे करावे. मी भाच्याबरोबर नाव देणार आहे. तो अजून हो म्हणालेला नाही.