वेदनेचा हिशेब कोणी ठेवायचा?

फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपणाचा प्रयत्न केला, तेव्हा जगातील पहिल्या हृदयारोपणाला तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. पण सार्वजनिक रुग्णालयातही केवढे धाडस असू शकते हे त्या घटनेने दाखविले. आज हृदयावरील खुली शस्त्रक्रिया ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शासकीय योजनांमुळे ती सामान्य कुटुंबाच्याही आवाक्यात येऊ लागली आहे. म्हणूनच आता पुढचा प्रश्न विचारावयास हवा : शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन-चार दिवस रुग्ण कसे काढतो?

या शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून फाकवावे लागते आणि शेवटी तारांनी बांधावे लागते. शिवाय रक्त-पाणी बाहेर येण्यासाठी बरगड्यांखाली नळ्या बसवितात. रुग्ण शुद्धीवर आला की प्रत्येक खोल श्वास आणि प्रत्येक खोकला त्या हाडाला जाणवतो. साहजिकच तो वरवर श्वास घेतो, खोकणे टाळतो. कफ साचतो, फुप्फुसाचा काही भाग मिटतो आणि न्युमोनियाला वाट मिळते. तात्पर्य, ही वेदना केवळ सोसण्याची बाब नाही. ती रोगमुक्तीच्या आड येणारी गोष्ट आहे. आपल्याकडे मुकाट्याने सोसणाऱ्याचे कौतुक होते. पण न खोकणारा रुग्ण हा शहाणा रुग्ण नव्हे, हे अतिदक्षता विभागातील कोणतीही परिचारिका सांगेल.

वेदनेवरचा रूढ उपाय म्हणजे मॉर्फिन आणि त्याच्या जातीची औषधे. ती गुणकारी खरी, पण त्यांनी श्वास मंदावतो, गुंगी आणि मळमळ येते. सूज उतरविणाऱ्या अनेक नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या बायपासनंतर मूत्रपिंडाला आणि रक्तवाहिन्यांना धोक्याच्या ठरू शकतात. या पेचातून वाट काढण्यासाठी भूलतज्ज्ञ स्थानिक भुलीकडे वळले आहेत. दात काढताना हिरडीत जे लिग्नोकेन टोचतात, त्याच कुळातील बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन छातीच्या हाडालगतच्या मज्जातंतूंपाशी, अथवा पाठीच्या कण्याशेजारील स्नायूंखाली, सोनोग्राफीच्या साहाय्याने सोडतात. पाठीच्या स्नायूंखालील ही पद्धत २०१६ मध्ये प्रथम मांडली गेली. हृदयशस्त्रक्रियेत रक्त पातळ ठेवावे लागते. अशा वेळी मज्जारज्जूच्या वेष्टणाजवळ सुई नेण्यात रक्तस्रावाची भीती असते. नवी पद्धत त्या जागेपासून दूर राहते. बंगळूरच्या जयदेव हृद्रोग संस्थेने २०१८ मध्ये ५० रुग्णांवरील तुलना प्रसिद्ध केली. तीत दोन्ही पद्धतींनी मिळालेला आराम जवळपास सारखाच आढळला.

मात्र हा रामबाण नव्हे. एका इंजेक्शनचा प्रभाव काही तासच टिकतो. तो लांबविण्यासाठी बारीक नळी ठेवावी लागते. मात्रा चुकली तर बुपिव्हाकेन हृदयावरच आघात करते, म्हणून त्यावरचा उतारा हाताशी असावाच लागतो. मॉर्फिनची गरज कमी होते, नाहीशी होत नाही.

येथून पुढचा विषय वैद्यकाइतकाच अर्थशास्त्राचा आहे. औषध जुने, स्वस्त आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतले आहे. महाग आहे तो भूलतज्ज्ञाचा वेळ, सोनोग्राफीचे यंत्र आणि परिचारिकेचे लक्ष. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, औषधे, खाट आणि भोजन मिळून रुग्णालयाला एकच ठरीव रक्कम मिळते. अनावश्यक बिले रोखण्यास ही रीत चांगली. पण तिचा एक स्वाभाविक परिणाम असा की जे मोजले जात नाही त्यावर खर्च करण्याची घाई कोणालाच नसते. टाके मोजले जातात, दिवस मोजले जातात. कण्हणे मोजले जात नाही.

मढसारख्या कोळीवाड्यातील घर डोळ्यांसमोर आणावे. रुग्णाकडे जायचे तर वेसाव्यापर्यंत फेरीबोट, नाहीतर मार्वे-मालाडचा वळसा. हाड जुळेपर्यंत सहा ते आठ आठवडे जाळे ओढणे नाही की मासळीची पाटी उचलणे नाही. त्यात छातीत संसर्ग होऊन मुक्काम वाढला, तर सोबत बसणाऱ्या माणसाचीही कमाई बुडते. वेदना शमविण्याचा खर्च रुग्णालयाच्या खात्यावर पडतो आणि ती न शमविल्याचा तोटा या घराच्या खात्यावर. दोन खाती वेगळी असली की बाजार आपोआप न्याय करीत नाही, हे विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

औषध असणे आणि ते रुग्णापर्यंत पोचणे यांतील अंतर आपल्याला नवे नाही. कायदेशीर अफूची शेती करणाऱ्या या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन रुग्णालयांतूनच दुर्मिळ झाले. त्या कायद्यातील गाठी सोडविणारी दुरुस्ती यावयास २०१४ साल उजाडले.

स्थानिक भुलीच्या बाबतीत एवढा विलंब होण्याचे कारण नाही. हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्णाची वेदना, तीही पडून असताना नव्हे तर खोकताना, नाडी आणि रक्तदाबाबरोबर नोंदविणे योजनेतील प्रत्येक रुग्णालयास बंधनकारक करावे. वेदनाशमनाची रक्कम ठरीव दरात स्वतंत्र दाखवावी. सार्वजनिक रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांची रिकामी पदे भरावीत, आणि संमतिपत्रावर सही घेताना वेदनेवर कोणते उपाय होतील हे रुग्णाला मराठीत सांगावे. यांपैकी एकाही गोष्टीला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. हृदय उघडून ते पुन्हा चालते करण्याचे कौशल्य आपण मिळविले आहे. ज्याच्या छातीत ते चालते त्याला मोकळा श्वास घेता यावा, ही काही अवास्तव अपेक्षा नव्हे.