लाल गोळी उशिरा पोहोचते

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या तरुणीला आपण गरोदर आहोत हे कळते, तोवर पाळी चुकून आठवडा-दोन आठवडे उलटलेले असतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची मूळ नलिका मात्र गर्भधारणेपासून 28 दिवसांत मिटते. त्यासाठी लागणारे फॉलिक ॲसिड आईच्या रक्तात आधीच हवे. डोहाळजेवण सातव्या महिन्यात. बाळाची खरी पंगत कधीच बसलेली असते!

आई आणि बाळ यांना जोडणारी वार ही नुसती गाळणी नव्हे. फॉलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच रूप) आणि बी-12 जीवनसत्त्व ती आईकडून अक्षरशः ओढून घेते. नाळेतल्या रक्तात ही दोन्ही आईपेक्षा जास्त आढळतात. ‘ड’ जीवनसत्त्वाचे तसे नाही. आईकडे कमी, तर बाळाकडे त्याहून कमी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून आसपासच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-12 कमी होते. ज्यांच्यात बी-12 कमी पण फॉलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असते, बी-12 नाही. शिवाय ती सुरू होते चौथ्या महिन्यात.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी विवाहनोंदणीच्या खिडकीवरच फॉलिक ॲसिडची माहिती द्यावी, आणि गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर बी-12ही मोजावे.