हिशेब आधी स्वतःचा

मराठी दुकानदाराच्या चोपडीत आणि गृहिणीच्या वहीत रोज वावरणारा 'हिशेब' हा शब्द मूळ अरबी. त्याच धातूपासून अरबीत आणखी दोन शब्द सिद्ध झाले. 'मुहासबा' म्हणजे माणसाने स्वतःच्या आचरणाचा घेतलेला झाडा; 'मुहतसिब' म्हणजे बाजारातील वजनेमापे व लोकांचे वर्तन यांवर देखरेख ठेवणारा अधिकारी. एकाची दृष्टी आत वळलेली, दुसऱ्याची बाहेर. यांपैकी अग्रमान कोणाला, हा प्रश्न इस्लामी परंपरेइतकाच जुना आहे आणि आजही तो निकालात निघालेला नाही.

इमाम गझाली यांनी त्याचे उत्तर व्यापाराच्या भाषेत दिले. व्यापारी भागीदाराशी आधी अटी ठरवतो, मग त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि शेवटी हिशेब मागतो. माणसाने आपल्या मनाशी नेमके असेच वागावे. हा उपदेश कोरडा नव्हता. बगदादच्या निजामिया विद्यापीठात मानाचे आचार्यपद भूषवीत असताना आपल्या अध्यापनामागे ईश्वरनिष्ठेपेक्षा कीर्तीची हाव अधिक आहे, हे त्यांना स्वतःतच आढळले. त्या द्वंद्वात त्यांची वाचाही बसली. अखेर १०९५ मध्ये ते पद सोडून ते बाहेर पडले.

त्यांनीच सांगितलेली एक कथा बोलकी आहे. मदिनेत रात्री गस्त घालणारे खलिफा उमर एका घराची भिंत चढून आत उतरले आणि त्यांनी घरधन्याला पाप करताना पकडले. तो म्हणाला की, आपल्या हातून एक अपराध घडला, पण खलिफांकडून तीन घडले: त्यांनी हेरगिरी केली, दार सोडून भिंतीवरून प्रवेश केला आणि परवानगी वा सलाम न करता ते आत आले. या तिन्ही गोष्टी कुराणाने निषिद्ध मानलेल्या. उमर निरुत्तर झाले आणि त्याने सुधारण्याचे वचन देताच परत फिरले. सत्ताधीशाने आपली चूक मान्य करावी, हेच या कथेचे मर्म होय.

मग अन्याय दिसला तरी गप्प बसावे काय? मुळीच नाही. परनिंदेला कुराणाने मृत बंधूचे मांस खाण्याची उपमा दिली, हे खरे. परंतु पीडिताने न्यायासाठी केलेली तक्रार गझालींनी निंदेत मोडली नाही. सुधारकाने आधी निर्दोष व्हावे, अशी अटही त्यांनी घातली नाही. खाजगी दोष आणि दुसऱ्यावर होणारा जुलूम यांतील ही सीमारेषा महत्त्वाची आहे.

या कसोटीवर पाहता, १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत विधिमंडळावर नेलेल्या सात मुस्लिम स्त्रियांच्या मोर्चाला समाजद्रोह म्हणता येणार नाही. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्धची ती पीडितांची तक्रार होती. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला तो २०१७ मध्ये. समाजाने आपली वही वेळीच स्वतः उघडली असती, तर अर्धशतकाचे दुःख टळले असते. उलट, पोशाखाच्या कारणावरून ताब्यात घेतलेल्या महसा अमिनी या तरुणीचा २०२२ मध्ये तेहरानात मृत्यू झाला, तेव्हा भिंत चढणारे तेवढे दिसले. निरुत्तर होऊन मागे फिरणारा उमर कोठेच दिसला नाही.

हे वाचून एखाद्या अन्यधर्मीयाला समाधान वाटत असेल, तर त्यानेही सावध व्हावे. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहण्याचा सोस कोणा एका धर्माची मिरास नव्हे. शेजाऱ्याची चोपडी तपासून आपली बाकी फिटत नसते.