पान रचण्याचे ओझे वापरणाऱ्याच्या फोनवर कशाला?

सातबारा पाहायचा असो, वीजबिल भरायचे असो की दहावीचा निकाल, पडद्यावर येणाऱ्या पानामागे दोन गोष्टी असतात: माहिती आणि ती कशी दाखवायची हे ठरवणारा कोड. माहिती सर्व्हरवर असते, त्यात वाद नाही. दाखवण्याचा कोड कुठे चालवायचा, यावर मात्र वेब अॅप्लिकेशन बनवणाऱ्यांत दोन तट आहेत. सर्व्हरने तयार पान पाठवावे, असे एकाचे म्हणणे. सर्व्हरने नुसती माहिती आणि जावास्क्रिप्ट धाडावी, पान ब्राउझर रचेल, असे दुसऱ्याचे. सर्वसामान्यांसाठीच्या संकेतस्थळांनी पहिलाच मार्ग धरावा आणि दुसरा घ्यायचा तर त्याचे कारण द्यावे, असे मला वाटते.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात: मांडणी वेगळी ठेवावी का, आणि ती कुठे चालवावी. हिशेबाचे नियम आणि मांडणी वेगळी ठेवावी, हा विचार जुना आहे. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना मांडली, ती याचसाठी. पुढे पीएचपी या भाषेत लिहिलेल्या पानांत डेटाबेसच्या क्वेरी आणि एचटीएमएलचे टॅग एकाच फाइलमध्ये कोंबले गेले आणि सर्व्हरवरची मांडणी बदनाम झाली. पण तो दोष सरमिसळीचा होता, जागेचा नव्हे. मांडणी वेगळ्या टेम्प्लेटमध्ये ठेवली, तर सर्व्हरवरही कोड स्वच्छ राहतो. रकमेचा आकडा डेटाबेसमध्ये एकच असतो; तो मराठी पानावर १२,५०,००० असा दिसावा की इंग्रजी अंकांत, हे टेम्प्लेट ठरवते.

ब्राउझरकडे ओढा वाढला तो जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्स (२००५) यांच्यामुळे. पान पुन्हा न उघडता नकाशा सरकतो, हे लोकांनी पाहिले आणि साध्या माहितीच्या पानांनाही तेच तंत्र लावले जाऊ लागले. ट्विटरने २०१०मध्ये पान रचण्याचे काम ब्राउझरकडे सोपवले आणि २०१२मध्ये ते सर्व्हरवर परत आणले. आधी जावास्क्रिप्ट उतरणार, मग ती चालणार, त्यानंतर ट्वीट दिसणार, अशी रांग लागत होती. काम सर्व्हरवर आणल्यावर पहिले पान उघडण्याचा वेळ एक-पंचमांशावर आल्याचे कंपनीनेच जाहीर केले. ब्रिटन सरकारच्या डिजिटल विभागाने २०१३मध्ये केलेली मोजणीही बोलकी आहे. त्यांच्या संकेतस्थळावर येणाऱ्यांपैकी १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्ट पोहोचत नव्हती. ती बंद ठेवणारे किंवा ती न चालवणारा ब्राउझर वापरणारे त्यांत एकूण येणाऱ्यांच्या जेमतेम ०.२ टक्के, उरलेल्यांचे ब्राउझर सक्षम असूनही काम अडत होते. टक्का लहान असला, तरी लाखो लोकांच्या सेवेत तो हजारोंचा होतो.

आता फोन वेगवान झाले, असा आक्षेप येईल. महागडे फोन वेगवान झाले, हे खरे. पण सरकारी सेवा स्वस्त फोनवर, गावातल्या अर्ध्यामुर्ध्या रेंजमध्येही चालायला हवी. मोबाइल अॅप आणि संकेतस्थळ यांना एकच एपीआय (सर्व्हरकडून माहिती मागवण्याचा ठरलेला दुवा) पुरतो, हा मुद्दा वजनदार आहे. पण सर्व्हरवरचे टेम्प्लेटही त्याच एपीआयकडून माहिती घेऊ शकते. प्रत्येक क्लिकला अख्खे पान मागवणे खटकते, हेही मान्य. तेवढा तुकडा बदलायला थोडी जावास्क्रिप्ट पुरे. नकाशा, स्प्रेडशीट, चित्रांचे संपादन यांची गोष्ट निराळी. तिथे ब्राउझरच योग्य. पण फेसबुकने २०१३मध्ये खुल्या केलेल्या ‘रिअॅक्ट’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीने ब्राउझरमधली मांडणी घरोघरी नेली आणि २०२०मध्ये त्याच चमूने सर्व्हरवर चालणाऱ्या घटकांचा प्रस्ताव मांडला, हे विसरू नये.

शिवाय ब्राउझरमधला कोड वापरणाऱ्याच्या हातात असतो. तिथे ‘मंजूर करा’ हे बटण लपवता येते, मंजुरीचा अधिकार राखता येत नाही. तो सर्व्हरवर तपासावाच लागतो, आणि नियम दोन ठिकाणी लिहिले की कधी ना कधी त्यांत तफावत पडते.

म्हणून संकेतस्थळाचे काम देताना कार्यालयांनी निविदेतच एक अट घालावी: मुख्य माहिती आणि अर्ज जावास्क्रिप्टशिवायही उघडले पाहिजेत. ही अट तपासायला तज्ज्ञ लागत नाही. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद करून पान उघडले की कळते.