भाल्याला मासा दिसावा लागतो

परवा एका मित्रानं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातला व्हिडिओ पाठवला. गोठलेल्या तळ्यावर छोटं खोपटं, आत मिट्ट काळोख, बर्फाला पाडलेलं मोठं भोक. खोपटात अंधार असल्यामुळं खालचं पाणी उजळ दिसतं. हातात भाला घेऊन एक माणूस तासन् तास बसलेला, दोरीला बांधलेला लाकडी मासा पाण्यात नाचवतोय. त्याला भुलून नॉर्दर्न पाईक नावाचा लांब तोंडाचा शिकारी मासा येतो, मग भाला. खाली मित्राची ओळ: ‘यांना कामधंदे नाहीत का?’

मला मात्र आपला यवतचा ओढा आठवला.

पाईकसारखीच दबा धरून बसणारी आपली मरळ. कालव्याचं आवर्तन बंद झालं की ओढ्यातल्या डोहात पाझराचं निवळ पाणी राहायचं. थंडीत सकाळी शेजारचे भोई आजोबा तीन दातांचा भाला घेऊन कडेला उकिडवे बसत. मरळीला हवेतला श्वास लागतो, ती अधूनमधून वर येतेच. ‘दिसतीय तिथं मारू नको, त्याच्या खाली मार,’ ते सांगायचे. पाणी मासा वर दाखवतं, हे विज्ञान मला पुस्तकात नंतर भेटलं. माझा भाला बहुतेक वेळा चिखलातच रुतला.

एकदा पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला. मरळ पिल्लं राखते, ती खालीच असणार म्हणून मी भाला उचलला. आजोबांनी तो हिसकावला आणि दिवाळीपर्यंत हात लावू दिला नाही. आई मारली की घोळका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो, एवढंच म्हणाले.

आता त्याच ओढ्यात रात्री बॅटऱ्यांचा उजेड दिसतो. इन्व्हर्टर, वायर, बांबू. पाण्यात करंट सोडायचा, जे उलटं होऊन वर येईल ते गोळा करायचं. बोटभर पिल्लं तिथंच टाकून द्यायची. वर रील. मी टोकलं तर एकजण म्हणाला, ‘साहेब, भाला काय अन् करंट काय, मासा मरायचाच ना?’

नाही भाऊ, फरक आहे. भाल्याला आधी मासा दिसावा लागतो. केवढा आहे, पिल्लांवर आहे का, हे बघून हात उचलायचा. भाला लागलेला मासा परत सोडता येत नाही, म्हणून विचार आधी. करंट आंधळा. बारीक आसाचं वडापही तसंच. उजनीच्या पाणलोटात त्यावरून किती भांडणं झाली हे भिगवणकडच्यांना विचारा. मिनेसोटात भाल्यालाही परवाना लागतो आणि हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच. आपल्याकडं सुरुंग लावून, विष घालून मासे मारणं 1897 च्या कायद्यातच गुन्हा ठरलं होतं. तेव्हा गावात वीज नव्हती, नाहीतर इंग्रजानं तीही लिहिली असती.

पण सगळा दोष पोरांवर टाकून मी मोकळा होणार नाही. आज आजोबा असते तरी भाला कुठं मारणार होते? मुळा-मुठेचं काळं पाणी, त्यावर जलपर्णी. मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात येणारं पाणी आपण शेतकरी नाइलाजानं घेतो, त्यातलंच ओढ्याला उतरतं. वीतभर खालचं दिसत नाही. पुण्यानं पाणी काळं केलं, बघून मारणारा माणूस उठला आणि न बघता मारणारे उरले. अशा पाण्यातही चिलापी टिकते. मरळ आता बाजारात दिसते ती बहुतेक तळ्यात पाळलेली, आणि तिचा भाव ऐकूनच माणूस पुढं सरकतो.

येत्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी लेखी देणार आहे. ओढ्यात आणि तलावात करंट लावणाऱ्यावर गुन्हा दाखल करायला पंचायतीनं स्वतः पोलिसांत जावं. आणि ओढ्याच्या पाण्याची तपासणी करून अहवाल चावडीवर लावावा. सही करणाऱ्यांनी कमेंटमध्ये नाव टाका.

तोवर, रात्री मोटार चालू करायला जाताना ओढ्यात उजेड दिसला तर पाण्यात पाय घालू नका. आधी काठावरनं हाक मारा.