नैसर्गिक म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, आजकाल आयटीवाल्यांच्या स्वयंपाकघरात एक नवीन देव बसलाय. नाव 'नो प्रिझर्व्हेटिव्हज'. बाटली छोटी, लेबल तपकिरी कागदाचं, किंमत दुप्पट. खाली बारीक अक्षरात: केमिकल नाही, फक्त वनस्पतींचे अर्क. आपण खूश!

आता जरा डोकं वापरू. जे टिकवतं ते प्रिझर्व्हेटिव्ह. लोणच्यातलं मीठसुद्धा. टिकावं म्हणून अर्क घातला असेल, तर तोही प्रिझर्व्हेटिव्हच की! ओव्याच्या तेलात असतं थायमॉल, म्हणजे आजीच्या अमृतधारेतलं ओव्याचं फूल. ते जिवाणूच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं, आतला ऐवज बाहेर गळतो आणि जिवाणू मरतो. लवंगेतलं युजेनॉलही असाच हल्ला करतं. ही शंभर टक्के केमिस्ट्री आहे. आणि ज्या बेंझोएटच्या नावानं आपण बोटं मोडतो, त्याचं मूळ आम्ल क्रॅनबेरीत निसर्गतःच असतं. मग वाईट कोण, चांगलं कोण?

याचा अर्थ तेलं कुचकामी आहेत असं नाही. ती काम करतात. भानगड पुढे आहे. आपल्या धंद्यात 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य ऐकलं की टेस्टरच्या कपाळावर आठी पडते. इथेही तेच. प्रयोगशाळेतल्या बशीत तेल झकास चालतं, पण खऱ्या पदार्थात स्निग्धांश ते ओढून घेतो आणि जंतू पाण्याच्या भागात मजेत वाढतात. सारा बर्ट यांनी 2004 साली अशा प्रयोगांचा आढावा घेतला. बशीतल्या परिणामासाठी कमी चरबीच्या दुधात साधारण दुप्पट तेल लागलं, सूपमध्ये 50 पट, मऊ चीजमध्ये 25 ते 100 पट. एवढं ओव्याचं तेल घातलेलं सूप कोण पिणार?

म्हणजे चवीसाठी तेल कमी घालायचं आणि लेबल मात्र मोठं लावायचं. माझा राग यावर आहे. कारण समोर बुरशी आहे, आणि बुरशीला लेबल वाचता येत नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन 397 माणसं आजारी पडली, 106 दगावली. कारण अफ्लाटॉक्सिन. हे विष बुरशीच तयार करते, त्यामुळे ते अगदी 'नैसर्गिक' आहे! ते शिजवून पुरतं जात नाही. काही वनस्पती तेलं ही बुरशी रोखतात, पण आधीच तयार झालेलं विष लवंगेच्या वासानं पळत नाही.

आता आमच्या वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन घ्या. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव. 1981 पासून कुलुपात असलेलं मंदिर 2023 मध्ये उघडलं, म्हणून पेपरात आलं होतं. अशा तीर्थावर येणाऱ्या व्रती दिगंबर जैनांचा जुना दंडक ठाऊक आहे? दळलेल्या पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3. कारण अहिंसेचं: पिठात जीव पडायच्या आत ते संपवायचं. श्रद्धा बाजूला ठेवा, हिशोब बघा. हवेत दमट आणि ऊब जितकी जास्त, तितके दिवस कमी. आपल्या पाकिटावर मात्र 'सहा महिने', मग ते मुंबईच्या जुलैत उघडा नाहीतर वाशिमच्या जानेवारीत. अधिक शास्त्रीय कोण, तुम्हीच ठरवा.

म्हणून पुढच्या वेळी विक्रेत्याला 'नॅचरल आहे का?' विचारू नका. विचारा: कुठलं तेल, किती, कोणत्या जंतूवर, याच पदार्थात तपासलं का, आणि बाटली उघडल्यावर किती दिवस? उत्तर मिळालं तर खुशाल दुप्पट पैसे द्या, ते तपासणीचे आहेत. नाही मिळालं तर घरी मीठ-तेल सढळ हातानं घालून लोणचं घाला, कोरडा चमचा वापरा आणि पीठ थोडंथोडं दळून आणा.

तपकिरी कागदाला चव नसते हो!